परसदारीं : बटाट्याला मातीची भर

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र मीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें होतें. तें सातारा जिल्ह्यांतील एका भगिनीचें आहे. घर एकत्र, दोन्ही वेळां पंगतीस सोळा पानें, आणि विहिरीच्या पाण्यावर भिजणारें लहानसें परस. गतवर्षीं त्यांनीं परसांत बटाटे लाविले. माघांत काढले तेव्हां पांचांत एक बटाटा हिरवा निघाला. सासूबाईंचें म्हणणें, हिरवें तेवढें तासून टाकावें, पिकविलेलें अन्न टाकूं नये. धाकटे दीर रसायनशास्त्र शिकलेले. त्यांचें म्हणणें, सगळे हिरवे बटाटे उकिरड्यावर घालावे. मधला मार्ग म्हणून कोणी ते गाईपुढें टाकावयास निघालें, तर गडी म्हणाला, गाईला सोसणार नाहीं. यंदा दिवाळींत पुन्हा लावण झाली आहे, रोपें वीतभर आलीं आहेत, आणि ‘ह्या खेपेस काय करावें म्हणजे घरांत दोन मतें होणार नाहींत?’ असें त्या विचारतात.

मतभेद स्वयंपाकघरांत झाला खरा, पण त्याचें मूळ वाफ्यांत आहे. लावण सपाट वाफ्यांत दोन बोटें खोल केली होती आणि मागाहून माती ओढली नाहीं, असें त्यांनींच लिहिलें आहे. म्हणून आधीं वाफ्याचें सांगतों. सासूबाई आणि दीर ह्यांचा निवाडा त्यानंतर. रोपें वीतभर झालीं आहेत, म्हणजे पहिली भर देण्याचा काळ नेमका आतां आहे. ज्यांनीं ज्यांनीं दिवाळीच्या सुमारास बटाटे लाविले असतील त्यांनीं हें मार्गशीर्षांतच वाचून घ्यावें.

‘कंदमूलफलें’ हा शब्द आपण पुराणांत आणि कीर्तनांत नेहमीं ऐकतों. वर्गांत ह्या द्वंद्वाचा विग्रह करून घेतांना मी मुलांना विचारीत असें, कंद निराळा आणि मूळ निराळें असें कां म्हटलें? मुलें गप्प बसत. मग मी पिशवींतून एक बटाटा आणि एक रताळें काढून मेजावर ठेवीत असें. रताळ्यावर डोळे नाहींत. तें खरोखरीचें मूळ, अन्न सांचून फुगलेलें. बटाट्यावर डोळे आहेत, आणि प्रत्येक डोळ्यापाशीं भुंवईसारखी एक बारीक रेघ आहे. ती रेघ म्हणजे खुरटलेल्या पानाची खूण आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेंतील कळी. उसाच्या कांड्यावर पेरापेराशीं जसा डोळा असतो, तसाच हा. तेव्हां बटाटा हें मूळ नव्हे, जमिनीखालीं राहिलेलें खोड आहे. हें एवढें ध्यानांत आलें म्हणजे भर कां द्यावयाची तें कोणास शिकवावें लागत नाहीं.

बियाण्याच्या बटाट्यांतून कोंब वर येतो. त्या कोंबाचा जो भाग मातीखालीं राहतो, त्याच्या पेरांतून आडव्या, पांढऱ्या, जाड दोऱ्यासारख्या फांद्या फुटतात. त्यांच्या टोंकाशीं अन्न सांचून टोंक फुगतें, तो आपला बटाटा. हीच फांदी जर मातीच्या बाहेर उजेडांत आली, तर तिला आपण फांदी आहों ह्याची आठवण होते: टोंक वर वळतें, हिरवें होतें, त्याला पानें फुटतात, आणि बटाटा होतच नाहीं. फुगलेला बटाटा उघडा पडला तर तोही हिरवा होतो, कारण खोडाचा धर्मच तो. बटाटा वरच्या बाजूस वाढत असल्यामुळें उथळ लावलेल्या पिकांत पाण्यानें माती धुपून त्याची पाठ हमखास उघडी पडते. मातीची भर म्हणजे ह्या खोडावर घातलेलें पांघरूण होय.

आतां प्रत्यक्ष कृति. आदले दिवशीं किंवा दोन दिवस आधीं पाणी द्यावें आणि वाफसा आला म्हणजे कामास लागावें. माती मुठींत दाबली असतां गोळा व्हावा आणि बोटानें टिचकी मारतांच फुटावा, इतकीच ओल हवी. चिखलांत भर घातली तर ती वाळून ढेंकूळ होते. अगदीं कोरडी माती रोपाशीं ठरत नाहीं, घसरून सरींत परत जाते. प्रथम तण उपटून घ्यावें. मग दोन ओळींच्या मधली माती खुरप्यानें किंवा लहान कुदळीनें मोकळी करून दोन्ही बाजूंनीं रोपांच्या बुडाशीं ओढावी. रोपाच्या अगदीं जवळ खुरपें खोल घालूं नये. त्या पांढऱ्या फांद्या तेथेंच पसरलेल्या असतात, आणि एक तुटली कीं तिच्यापुढचा बटाटा गेला. रोपाचा खालचा निम्मा भाग मातींत गेला तरी चिंता नाहीं, शेंड्याचीं पानें मात्र मोकळीं राहिलीं पाहिजेत.

वरंब्याच्या आकाराकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहींत. उत्साही मंडळी उंच आणि टोंकदार वरंबा करतात, तो दिसावयास फार नीटनेटका दिसतो, पण दोन पाण्यांत त्याची धार कोसळते आणि बटाट्यांच्या पाठी उघड्या पडतात. वरंबा माथ्यावर वीतभर रुंद आणि दोन्ही अंगांस उतरता असावा. पाणी सरींतून जावें आणि वरंब्याच्या अर्ध्या उंचीच्या वर चढूं नये. माथा खालून ओल शोषून घेतो. पहिल्या भरीनंतर दोन ते तीन आठवड्यांनीं, दोन ओळींचीं पानें एकमेकांस भिडण्यापूर्वीं, दुसरी भर द्यावी. त्यानंतर वाफ्यांत पाय घालणें बरें नव्हे. मात्र पौषांत दर आठवड्यास एक फेरी मारावी आणि कोठें बटाट्याची पाठ दिसली तर ओंजळभर माती तेथें टाकावी. हें काम घरांतील सात-आठ वर्षांच्या मुलांना द्यावें. त्यांची नजर आपल्यापेक्षां जमिनीच्या जवळ असते, आणि हिरवा बटाटा शोधून काढण्यांत त्यांना शिकारीचा आनंद मिळतो. त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगावी: बटाट्याच्या झाडाला फुलांनंतर लहान टोमॅटोसारखीं हिरवीं फळें धरतात, तीं विषारी असतात, तोंडांत घालूं नयेत.

ह्यावर कोणी म्हणेल, आमच्या ओळी दाटीनें लागल्या आहेत, ओढावयास मधें मातीच नाहीं. बटाट्याच्या दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावयाचें तें ह्याचसाठीं. चूक होऊन गेली असेल तर परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यांतील मोकळी माती आणि पूर्ण कुजलेलें शेणखत समभाग मिसळून टोपल्यांनीं घालावें. तेंही नसेल तर उसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत चांगलें वीतभर जाड पसरावें. पातळ थर उपयोगाचा नाहीं, त्यांतून उजेड शिरतो. ताजें शेण कदापि घालूं नये. चुलीची राखही टोपल्या-टोपल्यांनीं नको. राखेनें जमीन खारट अंगाची होते आणि तशा कोरड्या जमिनींत बटाट्याच्या सालीवर खवल्यांचा रोग बळावतो.

आपल्या देशावरच्या काळ्या मातींत भरीचें आणखी एक प्रयोजन आहे. ही माती वाळली कीं भेगाळते, आणि भेगेंतून उजेडाबरोबर बटाट्याचा पतंगही आंत उतरतो. हा करड्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा किडा पूर्वीं आपल्याकडे नव्हता. १९०६ सालीं इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबर तो मुंबई इलाख्यांत शिरला आणि पुणें भागांतील बटाट्यांत ठाण मांडून बसला. मादी उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांत अंडीं घालते; अळी आंत बोगदे पाडते. बाहेरून बटाटा धड दिसतो, चिरल्यावर काळी वाट निघते. मातीखालीं पुरेसा खोल असलेला बटाटा तिला सांपडत नाहीं. म्हणून काळ्या मातींत पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर फार वाढूं देऊं नये, भेग पडली तर हातानें माती चुरून ती बुजवावी, आणि काढलेले बटाटे एक रात्रही वाफ्यांत उघडे ठेवूं नयेत, कारण हा पतंग सायंकाळनंतरच फिरतो.

करप्याचेंही तसेंच. आभाळ भरून येऊन झिमझिम लागली कीं पानांवर पाणथळ काळे डाग पडतात, आणि त्यांतील रोगबीज पावसाच्या पाण्याबरोबर जमिनींत झिरपून बटाट्यापर्यंत पोंचतें. ह्याच रोगानें १८४५ पासून आयर्लंडांत लागोपाठ कित्येक वर्षें पीक कुजविलें. सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें आणि तापसरायांनीं मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. तेथील गरिबांचें सगळें पोट एकट्या बटाट्यावर, तोही बहुतेक एकाच जातीच्या, अवलंबून होतें. आपल्या परसांत एवढा अनर्थ संभवत नाहीं. तरीपण जाड भर असली तर रोगबीज गाळलें जातें आणि पानें गेलीं तरी बटाटे पुष्कळदां वांचतात, हें अनुभवी बागाईतदार जाणतात. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर बटाटा पावसाळ्यांत घेतात; तेथें पाण्याचा निचरा आणि मातीचें पांघरूण हीं दोन्ही कामें वरंब्याकडूनच करून घ्यावीं लागतात.

अलीकडे शहरांतील वाचक पोत्यांतल्या बटाट्याविषयीं फार विचारतात. पोतें उभें करावें, रोप वाढेल तसतशी माती घालीत जावें, आणि शेवटीं पोतें उलटें केलें कीं तळापासून माथ्यापर्यंत बटाटेच बटाटे, असें कोणीं तरी त्यांना सांगितलेलें असतें. गच्चीवर पोतें ठेवण्यास माझी हरकत नाहीं. पण बटाटे धरणाऱ्या फांद्या बहुतेक जातींत बुडाजवळच्या थोड्या पेरांतूनच फुटतात. वर कितीही माती घातली तरी माथ्यापर्यंत मजले चढत नाहींत. दीड-दोन वितींची भर पुरे. त्याहून उंच पोत्यांत माती आणि उमेद दोन्ही वायां जातात.

आतां त्या हिरव्या बटाट्यांचा निवाडा. सासूबाई आणि दीर ह्या दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, तो पालेभाजींतलाच रंग. परंतु ज्या उजेडानें तो रंग येतो त्याच उजेडानें सोलॅनिन व चॅकोनिन हीं कडू विषें सालींत वाढतात. एरवींही तीं थोडीं असतातच; शंभर ग्रॅम बटाट्यांत २० मिलिग्रॅमच्या वर तीं नसावींत, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यांचा सांठा मुख्यतः सालींत, डोळ्यांत आणि कोंबांत होतो. म्हणजे एका अंगास नखाएवढा हिरवा डाग असलेला बटाटा जाड सोलून, डाग खोल कापून टाकून मोठ्या माणसांनीं खावयास हरकत नाहीं. येथें सासूबाईंचें खरें. परंतु जो सालीखालीं आंतपर्यंत हिरवा आहे, किंवा अर्ध्याहून अधिक हिरवा आहे, किंवा घांस घेतांच कडू लागतो व घशाला चरचरतो, तो टाकलाच पाहिजे. तेथें दिरांचें खरें. उकडण्यानें किंवा तळण्यानें हें विष जात नाहीं, आणि तिखटमिठाखालीं कडूपणा झांकला जातो एवढाच मसाल्याचा परिणाम होतो. लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या पानांत डागाचा बटाटा, तासलेला सुद्धां, वाढूं नये. आणि गड्याचें तर पूर्णच खरें होतें. हिरवे बटाटे, त्यांच्या जाड साली, कोंब आणि वाफ्यांतला पाला ह्यांपैकीं कांहींही गुरांना घालूं नये. गोग्रास म्हणून तर नव्हेच. खताच्या खड्ड्यांत पुरले म्हणजे झालें.

हें अतिशयोक्तीनें सांगत आहें असें कोणास वाटेल, म्हणून एक नोंद सांगतों. लंडनमधील एका शाळेंत दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलगे ओकाऱ्या, ढाळ आणि पोटदुखीनें आजारी पडले. १७ जणांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. मागल्या सत्रांतून उरलेलें बटाट्यांचें एक जुनें पोतें त्या दिवशीं संपविण्यांत आलें होतें, असें चौकशींत निघालें. ह्या प्रकाराचा वैद्यकीय वृत्तांत १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. मुलें सगळीं बरीं झालीं. ज्यानें तीस-पस्तीस वर्षें मुलांच्या हजेऱ्या घेतल्या आहेत त्याला हा आंकडा वाचून जरा थांबावें लागतें. उरलेलें संपवून टाकूं, ही काटकसरीची वृत्ति चांगलीच. पण बटाट्याच्या बाबतींत तिला डोळे उघडे ठेवून वागवावें लागतें.

जातां जातां एक सांगतों. बटाटा, वांगें, टोमॅटो, मिरची आणि आपला धोत्रा हीं सगळीं एकाच वनस्पतिकुळांतील भावंडें. त्यांतील वांगें चातुर्मासांत वर्ज्य, आणि बटाटा एकादशीच्या फराळांत मानाचा! बटाटा दक्षिण अमेरिकेंतील आँडीज पर्वतांतून स्पेनच्या लोकांबरोबर युरोपांत आला आणि पोर्तुगीजांनीं तो आपल्याकडे आणिला. शब्दही त्यांचाच, आणि मुळांत तो रताळ्याचा होता. संस्कृत ग्रंथांत ‘आलुक’ सांपडतें, पण तीं दुसऱ्या देशी कंदांचीं नांवें. धर्मशास्त्रानें ज्याचें नांवही ऐकलें नव्हतें तें निषिद्ध कोठून ठरणार, अशी त्याच्या उपवासांतील प्रवेशाची माझी उपपत्ति आहे. माझ्या पत्नीची उपपत्ति निराळी आहे: एकादशीला सोळा पानांसाठीं दुसरें करणार काय?

बटाटे काढण्याची वेळ पाला पिंवळा पडून लोळूं लागला म्हणजे आली असें समजावें. लावणीपासून सुमारें तीन ते सव्वातीन महिने. त्याआधीं आठ-दहा दिवस पाणी तोडावें. एक बटाटा उकरून अंगठ्यानें साल चोळून पाहावी. निघून आली तर आणखी आठवडा थांबावें. सकाळीं काढून सावलींत पसरावे, उन्हांत नव्हे, आणि साठवावयाचे असतील तर धुवूं नयेत. स्वयंपाकघरांत खिडकींतल्या जाळीच्या टोपलींत किंवा पारदर्शक पिशवींत ठेवलेले बटाटे आठवड्याभरांत हिरवट होतात, विजेच्या दिव्याखालींही होतात. म्हणजे पौषांत वाफ्यांत वांचविलेलें फाल्गुनांत ओट्यावर घालविलें. गोणपाटाखालीं किंवा झांकलेल्या हवेशीर टोपलींत, कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ते ठेवावे. शीतपेटींत ठेवण्याचें कारण नाहीं. तेथें त्यांतील पिठाची साखर होते आणि काचऱ्या तळतांना काळपटतात.

पुढील वर्षाच्या बियाण्याचें मात्र अगदीं उलट आहे. लावावयाचा बटाटा लावणीपूर्वीं दहा-पंधरा दिवस सावलींतल्या मंद उजेडांत पसरून हिरवा होऊं द्यावा. त्यानें कोंब आंखूड, जाड आणि चिवट येतात. अंधारांतले लांब पांढरे कोंब हात लागतांच तुटतात. घरचे हिरवे निघालेले लहान, निरोगी बटाटे अशा कामास वेगळे ठेवतां येतील, पण सलग दोन वर्षांहून अधिक घरचें बीं वापरूं नये, कारण त्यांत मागल्या पिकाचे रोग उतरत जातात. पुष्कळजण विचारतात कीं बियाण्याच्या नांवांत ‘कुफरी’ काय आहे? कुफरी हें सिमल्याजवळचें एक गांव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटण्यास सुरू झाली आणि १९५६ सालीं सिमल्यास गेली; कुफरी येथें तिचें केंद्र आहे, म्हणून कुफरी ज्योति, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज अशीं नांवें पडलीं.

रिकाम्या झालेल्या वाफ्यांत लागलीच वांगीं, टोमॅटो किंवा मिरची लावूं नये. वर सांगितलेल्या भावंडांचे रोगही सामाईक असतात. माती अनायासें खोल भुसभुशीत झालेली असते, तेव्हां वरंबे मोडून, राहून गेलेले लहान बटाटे वेंचून घेऊन सपाट वाफे करावे आणि त्यांत मेथी टाकावी. बीं आदले रात्रीं भिजत घालावें.